शेव्हेलची उजवी जागा

अमेरिकेतल्या फ्लिंट या मोटारींच्या गावात लेलंड व्होयचिकला न ओळखणारा माणूस एखादा सापडेल. त्याची सत्तर सालची निळी शेव्हेल गाडी न ओळखणारा मिळायचा नाही. सहा फूट दोन इंचांचा हा गडी इंजिनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं राबला. त्यातली पहिली सतरा वर्षं एकच काम: इंजिन समोर आलं की त्याच्या माथ्यावर कार्ब्युरेटर बसवायचा, चार बोल्ट आवळायचे, की पुढचं इंजिन. पेट्रोल आणि हवेची गाठ बांधणारा भटजीच म्हणा ना.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी गावात जुन्या गाड्यांची फेरी निघते. त्या दिवशी हमरस्त्याचं रंगमंदिर होतं. दुतर्फा घडीच्या खुर्च्या, हातात खिम्याचा रस्सा ओतलेले कोनी हॉटडॉग, शर्टावर मोहरीचे डाग, आणि प्रत्येक गाडीच्या प्रवेशाला टाळी. लेलंड अडतीस वर्षं त्या फेरीत होता. तिकडे चालक डावीकडे बसतो; पहिली सत्तावीस वर्षं त्याच्या उजव्या बाजूला बायको बसायची, ओपल. नंतरची अकरा वर्षं तिथे थंड बाटल्यांचा बर्फाचा डबा होता.

ओपल शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायची. पन्नाशीनंतर तिला दम्याने गाठलं. जुन्या गाडीत कार्ब्युरेटरमधून झिरपणाऱ्या कच्च्या पेट्रोलचा वास मुरलेलाच असतो. दोन चौक गेले की तिच्या छातीत शिट्टी वाजू लागे. एका फेरीत ती सिग्नलला उतरली आणि चालत घरी गेली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "गाडी देखणी आहे रे तुझी. फक्त तिच्यात श्वास घेता येत नाही मला."

मागच्या वर्षी लेलंडच्या मित्राची, मर्लची, बायको वारली. त्या फेरीत मर्लच्याही शेजारी बर्फाचा डबा दिसला. लेलंडने दोन्ही डबे पाहिले. मर्लचा नाइलाज होता. आपलं काय?

हिवाळ्यात त्याने शेव्हेलचं मूळ इंजिन साखळीने वर उचललं. कारखान्यातून गाडीबरोबर आलेलं, दोन्हींवर एकच क्रमांक कोरलेला. ते काढणं म्हणजे असल्या गाड्यांच्या माणसांत पाप. मर्ल गॅरेजच्या दारात उभा राहून म्हणाला, "आज इंजिन बदलतोयस लेका, उद्या बायको बदलशील."

"बायको बदलायची नाही म्हणूनच इंजिन बदलतोय," लेलंड म्हणाला. मर्लने कोट काढून खिळ्याला अडकवला आणि दुसरा पाना उचलला.

उलटलेल्या एका पिकअपचं इंजिन भंगारवाल्याकडून आणलं. आठ सिलिंडरचं, आणि पेट्रोल मोजून आत फवारणारा छोटा संगणक सोबत. इंजिनाखालचं तेलाचं पात्र गाडीच्या आडव्या दांडीला आपटत होतं; ते बदललं. टाकी नवी, पंप टाकीच्या पोटात, नळ्या नव्या. बहात्तर वर्षांचा लेलंड गुडघे धरून गाडीखाली जायचा आणि तोंडाने वाफ सोडत बाहेर यायचा. मे महिना उजाडेपर्यंत वायरिंगचा शेवटचा धागाही जोडून झाला. गॅरेजमध्ये पेट्रोलचा जराही वास नव्हता.

पण इंजिन सुरूच होईना.

किल्ली फिरवली की घरघर व्हायची आणि संपायची. लेलंड आत बसे, मर्ल पुढे वाकून पाही. ठिणगी होती, पंपाचा दाब होता. फवाऱ्याच्या वायरीला लावलेला तपासणीचा दिवा मात्र लुकलुकत नव्हता, म्हणजे पेट्रोल फवारलंच जात नव्हतं. जागा बदलून पाहिल्या, मर्ल आत बसला; तेच. सगळी वायरिंग दोनदा उसवून पुन्हा जोडली. जून गेला, जुलै गेला. फेरीला आठवडा उरला तेव्हा लेलंडने जेवताना ओपलला सांगितलं की जुनं इंजिन परत बसवतो, आपल्या हातून हे होणार नाही. ओपलने बटाट्याचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्ल चर्चच्या न्याहारीला पॅनकेक उलटायला गेला होता. लेलंडला शेवटचं एकदा वायरी चाचपायच्या होत्या. त्याने किल्ली फिरवायला ओपलला हाक मारली. ती अॅप्रनसकट आली आणि अकरा फेऱ्या हुकल्यानंतर त्या गाडीत बसली, तीही चालकाच्या जागी. सीट लेलंडच्या लांब टांगांसाठी मागे सरकवलेली, तिथेच गंजून बसलेली. ओपलचे पाय अधांतरी लोंबकळत होते.

"फिरव," तो म्हणाला.

तिने किल्ली फिरवली, आणि इंजिन असं गरजलं की फळीवरचे खिळ्यांचे डबे थरथरले.

लेलंडच्या हातातला पाना खाली पडला. त्याने धावत येऊन विचारलं, "काय केलंस?"

"किल्ली फिरवली. तूच म्हणालास ना?"

"आणि पाय?"

"पाय कुठे पोचतात माझे?"

लेलंडने अॅक्सिलरेटरच्या पेडलकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. त्याचं ते जुनं इंजिन पेट्रोलने सारखं गुदमरायचं, म्हणून अडतीस वर्षं तो ते पेडल पार तळाला दाबूनच सुरू करत आला होता. मर्लचीही खोड तीच. नव्या इंजिनाचा संगणक मात्र भलता शिस्तीचा. सुरू करताना पेडल तळाला गेलं की तो समजतो, इंजिनात पेट्रोल तुंबलंय, आणि फवारा बंद करतो. दोन कसलेले कारागीर तीन महिने स्वतःच्या पायाने त्याचा गळा दाबत होते.

ओपल हसू लागली. हसता हसता थांबली, डोळे मिटून लांब श्वास घेतला. मग आणखी एक. शिट्टी वाजली नाही.

"लेलंड," ती म्हणाली, "मी उतरत नाही."

फेरीच्या दिवशी मर्ल आपली गाडी रस्त्याकडेला लावून कोनी खात उभा होता. निळी शेव्हेल वळणावर आली तशी लोकांनी आधी टाळी वाजवली आणि मग माना वाकवून आत पाहिलं. स्टीअरिंगमागे ओपल होती, पाठीशी दिवाणखान्यातल्या दोन उशा, हनुवटी वर.

"त्या नवऱ्याला कुठे टाकून आलीस?" मर्लने विचारलं.

तिने अंगठ्याने उजवीकडे दाखवलं. तिथे, ओपलच्या मापाला पुढे सरकवलेल्या सीटवर, गुडघे छातीशी घेऊन, मांडीवर बर्फाचा डबा सांभाळत लेलंड बसला होता, आणि नवरदेवासारखा दोन्ही बाजूंच्या लोकांना हात करत होता.