खंडेनवमीचं रिव्हॉल्व्हर

प्रकाशा गावच्या बन्सीलाल पाटलांना दोन विषयांवर बोलायला लावू नये, केळी आणि अमेरिकेतली जुनी रिव्हॉल्व्हरं. केळीवर ते पंधरा मिनिटांत दमतात. रिव्हॉल्व्हरांवर सुरू झाले की समोरच्याचा चहा गार होतो, मग दुसरा येतो, तोही गार होतो.

नाद कुठून लागला म्हणाल तर कॉलेजच्या वयात. नंदुरबारच्या टॉकीजमध्ये टोपीवाले घोडेस्वार यायचे, धूळ उडायची, सहा बार व्हायचे. बाकीची पोरं घोडा बघायची, बन्सीलाल कमरेचं हत्यार बघायचे. पुढे बडोद्याला केळीच्या हिशेबाला गेले असताना जुन्या बाजारात एका भंगारवाल्याकडे तसलंच एक गंजलेलं, खटका नसलेलं धूड दिसलं. हिशेब तसाच राहिला, धूड घरी आलं. एकवीस वर्षांत त्याला दोन सोबती मिळाले. तिन्ही दीडशे वर्षांची, तिन्ही कायमची मुकी. या हत्यारांतून बार कधीच उडू शकत नाही, असं सरकारी पत्र बन्सीलालांनी लॅमिनेट करून घेतलंय आणि पाहुण्याला पाण्याआधी ते दाखवतात.

घरात मात्र या तिघांना थारा नव्हता. पत्नी जसोदाबाई शांत बाई, पण या बाबतीत हट्टी. जीव घेणारं लोखंड उंबऱ्याच्या आत येणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या आणि विषय संपला. रिव्हॉल्व्हरं शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत राहिली. दर खंडेनवमीला घरातलं एकूण एक हत्यार घासूनपुसून पाटावर बसतं. विळे, कोयते, कुदळी, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरचे पानेसुद्धा. बन्सीलाल दरवर्षी विनवायचे, पाटाच्या कोपऱ्यात एवढीशी जागा दे. जसोदाबाई पान्यांना हळद लावत राहायच्या. माणसाने एकवीस वर्षं एकच अर्ज करावा आणि तो एकवीस वेळा फेटाळला जावा, ही काही गंमत नाही. बन्सीलालांना ते लागायचं.

चौथं रिव्हॉल्व्हर नवापूरच्या डोंगरातल्या योसेफकडे निघालं. योसेफचा पणजोबा एका अमेरिकन पाद्र्याकडे स्वयंपाकी होता. पाद्री जाताना ते त्याला देऊन गेला, आणि चार पिढ्यांनंतर योसेफची बायको रूपीबाई त्याच्या मुठीने चारोळ्या फोडत होती. बन्सीलालांनी ते पाहिलं आणि आधी तिच्या हातून काढून घेतलं. अस्सल अमेरिकन, लांब नळीचं, आणि अंगावर दीडशे वर्षांत चढलेला तपकिरी रंग जसाच्या तसा. दोन वर्षं ते नवापूरला खेपा घालत राहिले. शेवटी योसेफ म्हणाला, माझ्या तुकड्यात केळी लावून द्या, आणि हे न्या. बन्सीलालांनी रोपं दिली, ठिबक स्वतः अंथरलं, पहिला घड निघेपर्यंत दर पंधरा दिवसांनी जाऊन बघितलं. मग नळी बुजवून, कचेरीतून तसंच पत्र घेऊन ते प्रकाशाला आणलं.

आणि मग बडोद्याहून हेमांगीताईंचा फोन आला. त्या जुन्या शस्त्रांच्या जाणकार, दिवाळीनंतर मोठं प्रदर्शन भरवणार होत्या. बन्सीलालांनी पाठवलेला फोटो पाहून त्या म्हणाल्या, रंग खरा असेल तर मधल्या कपाटात हेच ठेवू आणि खाली पाटी लावू: बन्सीलाल पाटील, प्रकाशा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बघायला येते. गावाने ज्याला बंदूकवेडा म्हणून चिडवलं, त्याचं नाव बडोद्यात काचेखाली! बन्सीलाल आठ दिवस जमिनीवर नव्हते. त्या भरात त्यांनी जसोदाबाईंना सगळी कथा सांगितली. पाद्री दवाखाना चालवायचा, अंधारात रोगी आणायला जाताना बिबट्याच्या भीतीने हे जवळ ठेवायचा, योसेफच्या घरी सांगतात की माणसावर कधी रोखलंच नाही. जसोदाबाई तांदूळ निवडत होत्या. पण ऐकत होत्या.

खंडेनवमीला सकाळी बन्सीलाल शहाद्याला झेंडू आणायला गेले. परतले तर ओटीवर पाट मांडलेला, विळे-कोयते रांगेत, आणि सगळ्यांच्या पुढे, मधोमध, योसेफचं रिव्हॉल्व्हर. वर कुंकवाचं बोट. आणि ते लखलखत होतं.

जसोदाबाईंनी त्याला आधी राखेने घासलं होतं, मग काथ्याने, आणि तरी काळपटपणा जाईना म्हणून कोयत्याचा पॉलिश पेपर घेतला होता. जुन्या वस्तूचा रंग घालवायचा नाही, साधं फडकंही जोरात फिरवायचं नाही, हे बन्सीलालांनी अख्ख्या तालुक्याला सांगितलं होतं. फक्त एरवी ते बोलायला लागले की जसोदाबाई आत निघून जायच्या. नळीवरची कारखान्याची अक्षरंसुद्धा अर्धी पुसली गेली होती.

"कसं शे?" जसोदाबाईंनी विचारलं. हात कोपरापर्यंत काळे, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर असा आनंद की बन्सीलालांनी तो बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

बन्सीलालांच्या डोळ्यांत पाणी आलं. कशाचं, ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. "चांगलं शे," ते म्हणाले आणि झेंडूची माळ घातली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हेमांगीताई आल्या. पातळ हातमोजे चढवून त्यांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं आणि उजेडात धरून नळी फिरवून फिरवून पाहिली. मग विचारलं, हे कोणी घासलं? जसोदाबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकल्या.

"मी," बन्सीलाल म्हणाले.

हेमांगीताईंनी मग त्यांना झाडलं. हा रंग म्हणजे त्या वस्तूचं सगळं आयुष्य होतं, ते तुम्ही खरवडून काढलंत. एखाद्या अडाण्याने केलं असतं तर समजलं असतं, पण तुम्ही? पाटलांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. चहा या वेळीही गारच झाला. प्रदर्शनात असलं काही ठेवता येणार नाही, असं सांगून हेमांगीताई निघाल्या. बाकीची तीन त्यांनी पाहिलीसुद्धा नाहीत.

गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत बन्सीलाल फाटकाशी उभे राहिले. ती पाटी त्यांनी मनात इतक्यांदा वाचली होती की आता ती नाही, हे अंगवळणी पडायला वेळ लागणार होता. परत आले तर जसोदाबाई ओटीवर बसलेल्या.

"मी घासं," त्या म्हणाल्या, "आनि बोलनं तुमी खाधं. कसाले?"

बन्सीलाल शेजारी टेकले. "एकवीस वरीस सांगी ऱ्हायनू का पाटवर ठेव. यंदा तू ठेवं. मंग तुन्हं नाव कसं सांगू?"

जसोदाबाईंनी पदराने डोळे पुसले. रिव्हॉल्व्हर त्यांनी मांडीवर घेतलं, पुसट झालेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"पुढला साले काय लावू आनि कसं घासू," त्या म्हणाल्या, "ते आतेच सांगी ठेवा."

"काहीच नको," बन्सीलाल म्हणाले. "नुसतं कुकू लाव."