मागून गाडी दबली की

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. लिहिणं हे आपलं काम आहे, असं मला अजून वाटत नाही. ही गोष्ट माझ्यापेक्षा माझे चुलते चांगली सांगतील, पण ते लिहीत नाहीत. म्हणून मी धाडस करतो आहे. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

काका उदगीरला स्टेशनवर टांगा हाकतात. ऑटो वाढले तसे बाकीचे टांगे गेले, यांचा राहिला. शेवटी काकूंनी बजावलं की, नांदेडकडच्या जत्रेत टांग्यांची मोठी शर्यत असते, तिथं घोडी पहिली आली तर ठेवा, नाहीतर अर्धापूरचा माणूस मागतोय त्याला देऊन टाका.

सुट्टीत मी घरी होतो. सकाळी आम्ही तिला तयारीला न्यायचो. आधी तळ्याकाठच्या वाळूत टांगा ओढत नुसती चाल, दम वाढला तशी दुडकी, मग सडकेवर पळवायची. नंतर घाम सुकेपर्यंत फिरवायची आणि मगच पाणी. काका तिच्या बरगड्यांवर हात ठेवून श्वास खाली बसायची वाट बघत.

परतताना एका रिटायर गुरुजींचं घर लागे. ते पेपर आणायला रोज काकांच्याच टांग्यातून स्टेशनला जात. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. घोडी मात्र त्या फाटकापाशी थांबायची. मागून गाडी दबली, म्हणजे माणूस बसला, की निघायचं, ही तिची सवय. तोवर चाबूक दाखवा, चुचकारा, ती हलायची नाही. मग मी उतरून मागच्या सीटवर चढायचो.

“गुरुजी लई वाळले रे,” काका म्हणायचे. “नीट दाबून बस. तिला कळतंय.”

मला हसू यायचं नाही. त्या सीटवर बसलं की आपण कुणाच्या तरी मांडीवर बसलोय असं वाटायचं. आम्ही रस्ता बदलून पाहिला. ती कोपऱ्यावर थांबून त्या घराकडं मान वळवायची.

“शर्यतीत थांबली तर?” मी विचारलं.

“तितं कशाला येतेत गुरुजी?” काका म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी लातूरला माझी परीक्षा होती. संध्याकाळी फोन लागेना. दुसऱ्या दिवशी काकांचाच आला.

“पुढं होती रे. समद्यांच्या पुढं. अन् मधीच थांबली.”

“मग तुम्ही उतरून मागं चढला का?”

“म्या न्हाई उतरलो. मागून गाडी दबली. घोडी निघाली. सगळ्यात मागं आलो आपण.”

अर्धापूरचा माणूस आला होता का, असं मी विचारलं.

“आल्ता. दिली न्हाई. तुज्या काकूला म्हणलं, घोडी इकल्यावर गुरुजी कशात बसतेत?”

“काकू काय म्हणल्या?”

“काय म्हणती. उठली, अन् मागच्या सीटवरची गादी झटकून आली.”