पंचमीची कांदाभजी

राहीबाईला पावसात फिरायला जाण्याची शिसारी होती. ऐकणाऱ्याला वाटावे, बाई नाजूक असेल, शहरात वाढलेली असेल. तसे काही नव्हते. ती शिराळ्याकडची, वारणाकाठची. गुडघाभर चिखलात भाताची लावणी केलेली बाई चिखलाला कशाला नाक मुरडेल? ही शिसारी लग्नानंतर जडली आणि ती नवऱ्यापायी जडली.

नवरा सयाजी साताऱ्याला कचेरीत कारकून होता. पोरांना पावसात हिंडवले, निसर्ग दाखवला, की प्रकृती काटक होते असे त्याच्या कुणा साहेबाने त्याला सांगितले होते. साहेबाच्या घरी कपडे धुवायला गडी होता, एवढे तेवढे सांगायचे राहिले. त्यामुळे निसर्ग बघायचा सयाजीने आणि पिळायचा राहीबाईने, अशी वाटणी झाली होती.

तरी साताऱ्यात एकवेळ चालून जाई. सेहेचाळीस सालच्या नागपंचमीला हे खूळ तिच्या माहेरी जाऊन पोचले आणि तिथे मात्र तिच्या डोक्यात तिडीक गेली.

पंचमीला लेकीने माहेरी यायचे, भावाने तिला न्यायला यायचे, ही रीत. पण तिचा भाऊ कृष्णात पलटणीत होता आणि त्याला रजा नव्हती. सयाजी म्हणाला, "मीच सोडतो की तुला." सोडून माघारी फिरला असता तर त्याचे पाय धरले असते. पण नवरोबाने रजा काढली होती. लेकीच्या मागोमाग जावई पंचमीला येऊन मुक्काम ठोकतो हे त्या गावाने पहिल्यांदाच पाहिले. पाणवठ्यावर बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

राहीबाईची आई बयाबाई घरात एकटी असायची. लेकीला बघून तिने पहिल्यांदा तिच्या केसांत हात घातला. "काय गं हे, काथ्या झालाय नुस्ता! उद्या न्हाऊ घालते तुला. शिकेकाई कुटून ठेवलीय."

राहीबाईचे डोळे भरून आले. तीन पोरांना न्हाऊ घालता घालता आपल्यालाही कुणी न्हाऊ घालावे असे बाईच्या मनात येते, ते ती बोलत नाही इतकेच. या खेपेला माहेरून तिला साडी नको होती, चोळी नको होती. आईच्या हातचे एक न्हाणे हवे होते.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटायच्या आत सयाजी टोपी घालून तयार. "चला, नदीला पूर आलाय, पोरांना दाखवू!" गुंडा सात वर्षांचा, अंजना चार वर्षांची आणि जोती कडेवर. सगळी वरात निघाली. पूर म्हणजे लाल पाणी आणि त्यात वाहत आलेला पालापाचोळा, एक फुगलेले मेलेले कुत्रे. सयाजी म्हणाला, "बघा, सृष्टीचं रूप!" अंजना कुत्र्याकडे बघून ओकली. जोतीने कडेवरच धार सोडली आणि ती ऊन धार पावसाच्या गार पाण्याबरोबर राहीबाईच्या कमरेवरून पायापर्यंत उतरली.

"आवं, पोरगं कुडकुडतंय. माघारी फिरूया."

"अगं, हीच तर मजा!"

परत आल्यावर राहीबाईच्या न्हाण्यासाठी तापवलेले हंडाभर ऊन पाणी जावयाच्या आणि पोरांच्या अंघोळीला गेले. "असू दे. उद्या घालते," बयाबाई म्हणाली आणि जावयासाठी पोळ्या लाटायला बसली.

उद्या ओढा निघाला. गुंडाने बापाच्या टोपीत खेकडे भरून आणले, ते रात्री अंथरुणात फिरले. परवा, म्हणजे पंचमीच्या आदल्या दिवशी, बहिणीने भावासाठी धरायचा उपास होता. राहीबाईच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हते, तरी टेकडी चढावी लागली. उतरताना घसरून ती बसली ती नेमकी शेणावर आणि सयाजी पोट धरून हसला. घरात बघावे तिकडे ओले कपडे लोंबत होते. चुलीवर वाळवले तर धुराचा वास, न वाळवले तर कुबट वास, आणि त्यातच मुताचा. सदऱ्यांचे, लंगोटांचे पाणी टपटप गळत असायचे आणि त्याच्याखाली म्हातारी जावयासाठी काहीतरी गोडधोड शिजवत असायची. जावई घरात आहे म्हटल्यावर तिला साधी भाकरी थापायची चोरी! लेकीशी दोन शब्द बोलायला सवड नाही. राहीबाईला नवऱ्याच्या त्या आनंदी, ओल्या तोंडाचीच किळस यायला लागली.

पंचमी उजाडली. बयाबाईने भिंतीवर गेरूने नाग काढले होते, त्यांना लाह्या-दूध दाखवले. त्या दिवशी घरात काही चिरायचे नाही, भाजायचे नाही, तळायचे नाही. विळी उभी करायची नाही, तवा चढवायचा नाही. पुरणाचे उकडलेले दिंड खायचे. नागाला इजा होते म्हणून बयाबाईने हा नेम जन्मभर पाळला होता. कृष्णात पलटणीत गेल्यापासून तर ती जमिनीवर पाय आपटायलाही भीत असे.

दुपारी सयाजी म्हणाला, "चला, आज धबधबा!"

"मी येत न्हाई," राहीबाई म्हणाली. "मी न्हाणार हाय. पोरं घेऊन तुमी जावा."

सयाजी जरा बिचकला, पण जोतीला खांद्यावर घेऊन निघाला. उंबऱ्यातून वळून अगदी लाडात येऊन सासूला म्हणाला, "मामी, आल्यावर गरमागरम कांदाभजी होऊ देत बरं का! पावसात दुसरं काय हवं?"

बयाबाईने मान डोलावली. राहीबाईला वाटले, म्हातारी तोंडदेखलं हो म्हणाली.

मग बयाबाईने तिला मागल्या दारी दगडावर बसवले, केस मोकळे केले, तेल जिरवले. ती बोटे डोक्यावरून फिरू लागली आणि राहीबाईचा सगळा जीव ढिला पडला. हंड्यात पाणी कढत होते. "तेल मुरू दे जरा. आलेच मी," म्हणून आई आत गेली.

बराच वेळ झाला तरी ती येईना. आतून कांद्याचा वास आला. राहीबाई तशीच मोकळ्या केसांनी उठून आत गेली.

भिंतीवरच्या नागांसमोर बयाबाईने सूप उभे करून ठेवले होते, त्यांना दिसू नये म्हणून. त्याच्या आडोशाला ती विळीवर बसली होती. कांदा चिरत होती आणि प्रत्येक कापाला डाव्या हाताने गालावर चापट मारून घेत होती. चुलीवर कढईत तेल तापले होते.

"आये! आज पंचमी हाय!"

"म्हाईत हाय मला."

"मग? कशाला करतीस? त्यास्नी मी सांगते."

"गप. जावयानं तोंड उघडून मागितलंय. तुला नांदायचं हाय तितं."

"मग सरक, मी चिरते."

"हात लावू नगंस!" म्हातारी एवढ्या मोठ्याने ओरडली की राहीबाई जागीच थबकली. "तू भावाचा उपास धरलाईस. माझं काय असंल ते माझ्या डोस्क्यावर. तू भाईर हो."

तेवढ्यात चिखलाने माखलेली वरात दारात आली. पोरे गारठून निळी पडली होती. न्हाण्याचे पाणी पुन्हा त्यांच्यावर गेले. सयाजी कोरडे धोतर नेसून पाटावर बसला आणि भजी खाऊ लागला. बोटांना तेल, मिशीला तेल. राहीबाई वाढत होती. सूप अजून भिंतीला तसेच होते. ते त्याला दिसले, पण ते तिथे का आहे हे विचारायचे त्याला सुचले नाही.

"झकास झालीत, मामी," तो म्हणाला. "मीठ जरा कमी."

दुसऱ्या दिवशी ती सासरी निघाली. तेलाने थबथबलेले केस तसेच अंबाड्यात बांधले होते.

पुढल्या वर्षी कृष्णातला रजा मिळाली नाहीच. पण गावच्या कोंडीबाबरोबर बयाबाईने शिकेकाईची पुडी आणि निरोप धाडला. "औंदा नक्की न्हाऊ घालीन. ये." सयाजीने तर रजेचा अर्ज आधीच दिला होता. तो छत्री झटकत म्हणाला, "या खेपेला धबधब्याच्या वर जाऊ!"

राहीबाईने पुडी हातात धरली आणि कोंडीबाला सांगितले, "आयला म्हणावं, राही येत न्हाई."

"का गं? पोरांची मजा जाईल की!" सयाजी म्हणाला.

तिने पुडी फळीवर नीट ठेवली. पंचमीच्या दिवशी तिने स्वतःच पाणी तापवले, आईची शिकेकाई स्वतःच डोक्याला चोळली आणि दार लावून एकटीच न्हाली. बाहेर पाऊस लागला होता. सयाजीने खिडकीतून बघून भजीची आठवण काढली.

"आज पंचमी हाय," ती केस पुसता पुसता म्हणाली. "ह्या घरात विळी उभी ऱ्हाणार न्हाई."

त्याने मुकाट्याने दिंड खाल्ले. त्यानंतर तो मुक्कामाला सोबत येईल अशा कुठल्याही पंचमीला ती माहेरी गेली नाही आणि दरवर्षी पंचमीला रजा काढायचे त्याने कधी सोडले नाही. कचेरीत मात्र तो मोठ्या कौतुकाने सांगायचा, "आमच्या हिचं एक नवलच आहे. हिला माहेरची ओढ म्हणून नाही."