कॅमेऱ्याला कान लावणारे गजभिये काका

मे महिन्यात नागपुरात भर दुपारी चालता कूलर बंद करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गांधीबागेत एका साडीवाल्याच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की गजभिये काकांची कॅमेरा दुरुस्तीची खोली होती. गिऱ्हाईक घामाघूम होऊन वर यायचं, कूलरसमोर जेमतेम उभं राहायचं आणि काका उठून बटण बंद करायचे. मग कॅमेरा सुरू करून कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि डावा हात वर धरायचे. तो हात खाली येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. तेवढ्या वेळात खालचा साडीवालासुद्धा हळू आवाजात भाव सांगतो, असं काका म्हणायचे. ते मला कधी खरं वाटलं नाही.

मी पहिल्यांदा गेले ती फ्लॅशची तक्रार घेऊन. लग्नाबारशाचे फोटो काढायचा माझा धंदा नवा होता आणि कॅमेरा कुणाचातरी वापरलेला. काय बिघडलंय ते मी सविस्तर सांगायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "तू नको सांगू वं. त्याले सांगू दे."

डिजिटल कॅमेरा चालू केला की त्यातून एक अगदी बारीक किणकिण निघते. बहुतेकांचं तिकडे लक्षच जात नाही. काकांना तिच्यात सगळं कळायचं. आवाज मच्छरासारखा वर चढत जाऊन थांबला तर फ्लॅश ठीक, चढतच राहिला तर आत काहीतरी जळायच्या बेतात आहे, मधेच अडखळला तर लेन्सची मोटर. एकही स्क्रू न काढता ते दोष सांगायचे आणि मग कॅमेरा उघडून गिऱ्हाइकाला दाखवायचे. त्यात थोडा भाव खाणंही असायचं, नाही असं नाही. "दुखलं का मशीन कण्हते," ते म्हणायचे. "माणूसच लपवून ठेवते."

हा कान त्यांना वडिलांकडून आला होता. वडील खापा गावचे विणकर. छप्पन साली बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली, पोराला शाळेत घातलं, पण माग काही सोडला नाही. पाठ करून बसले असले तरी कुठला धागा तुटला ते त्यांना आवाजावरून समजायचं. कुणी काकांच्या कानाचं कौतुक केलं की ते वडिलांची ही गोष्ट सांगायचे आणि पुढे जोडायचे, "कानाचं काही नाही गा. गप्प बसता आलं पाहिजे." हे सांगताना स्वतः मात्र अर्धा तास बोलायचे.

मी काम नसतानाही जायला लागले. ते चहा मागवायचे, माझ्या फोटोंना नावं ठेवायचे. नवरी-नवरदेवापेक्षा तुझ्या फोटोत जेवणाऱ्यांचीच गर्दी फार, म्हणायचे. हळूहळू मलाही तो आवाज ऐकू यायला लागला. मी बरोबर दोष ओळखला की ते काही बोलायचे नाहीत, फक्त चहाबरोबर एक बिस्किट जास्त यायचं.

मग एका वर्षी माझा कॅमेरा कण्हायला लागला. अगदी स्पष्ट, न थांबता चढतच जाणारा आवाज. काकांनी कूलर बंद केला, कान लावला, हात वर धरला. बराच वेळ धरला. मग खाली घेऊन म्हणाले, ठणठणीत आहे, घेऊन जा. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्यांची साठी उलटून बरीच वर्षं झाली होती आणि म्हातारपणी असे बारीक आवाज आधी जातात, हे मी ऐकून होते. पण काकांच्या बाबतीत ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी कॅमेरा पिशवीत घालून जिना उतरले आणि सीताबर्डीत दुसऱ्याकडून कॅमेरा दुरुस्त करून घेतला. चोरी केल्यासारखं वाटत होतं.

पंधरा दिवसांनी मौद्याचे हटवार आले तेव्हा मी तिथेच होते. हटवारही लग्नाचे फोटो काढायचे. त्यांचा कॅमेरा कानाला लावून झाल्यावर काका, कधी नव्हे ते, तो माझ्याकडे देत म्हणाले, "तुले येऊन राहिला का काही कण्हण्याचा आवाज?" मला येत होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही धास्ती होती की माझ्या तोंडून "नाही" निघून गेलं. त्यांचा चेहरा लगेच सैल झाला. हटवार खुशीत गेले.

महिन्याभराने हटवारांनी तोच कॅमेरा काकांच्या टेबलावर आणून ठेवला. घरच्याच लग्नात, बहिणीने हार घालायच्या वेळी तो बंद पडला होता. ते भांडले नाहीत. पाणी प्यायले आणि कॅमेरा तिथेच ठेवून निघून गेले. त्या संध्याकाळी काकांनी मला बोलावून घेतलं. कॅमेरा कसाबसा चालू करून माझ्या हातात दिला आणि तो आवाज आहे का विचारलं. मी आहे म्हटलं.

"त्या दिवशी होता?"

"होता."

ते कितीतरी वेळ टेबलावरचे स्क्रू सरळ रांगेत लावत बसले. "काहून नाही सांगितलं वं तू मले?"

तुम्हाला वाईट वाटलं असतं, असं काहीतरी मी पुटपुटले.

"वाईट वाटलं असतं तं घरी जाऊन रडलो असतो मी. त्या पोरीच्या लग्नाचे फोटो आता कोण काढून देईन?"

एवढी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही.

त्यांनी कानाचं यंत्र बसवून घेतलं. ते स्वतःच शिट्ट्या मारायला लागलं, तेव्हा याचीच दुरुस्ती करावी लागते म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. त्यानंतर दर रविवारी मी जायला लागले. मी ऐकायचे आणि आवाज कसा आहे ते शब्दांत सांगायचे: कुठे चढतो, कुठे थरथरतो. ते डोळे मिटून माझं बोलणं ऐकायचे आणि दोष सांगायचे. तो बहुतेक बरोबर निघायचा. काम संपलं की कधीकधी एखादा चांगला, धडधाकट कॅमेरा माझ्यापुढे सरकवायचे आणि उगीच विचारायचे, "हा कसा आहे?" बारीक आहे, सरळ आहे, मी सांगायचे. "अन् शेवटी?" शेवटी थांबला, काका. मग ते मान हलवायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. त्या आवाजासाठी त्यांचा जीव किती तुटत होता, ते मला तिथे बसून कळायचं आणि माझ्याकडे द्यायला नुसते शब्द होते.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी स्वतःचा पहिला छोटा कॅमेरा काढला. आता असे कॅमेरे कुणी वापरत नाही, दुकानही जवळपास बंदच होतं. तरी त्यांना तो नीट करायचा होता, आणि एकट्याने. सगळी दुपार खपून त्यांनी तो जोडला आणि माझ्या हातात दिला. कण्हण्याचा आवाज होता. मी सांगितलं. त्यांनी तो पुन्हा उघडला, पुन्हा जोडला. अजून होता. त्यांचे हात थकले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते की एक शब्द बोलणं जड जावं. मी म्हटलं, "आहे, काका. अजून आहे."

"बरं झालं सांगितलं," ते म्हणाले. "येत्या रविवारी पाहू."

गुरुवारी ते गेले. झोपेतच. तो कॅमेरा त्यांच्या मुलाने मला आणून दिला, उघडा, स्क्रू बशीत तसेच. त्या दुपारी मी "नाही" म्हटलं असतं तर काका खुशीत घरी गेले असते, हे मला रोज वाटतं. आणि उद्या ते समोर येऊन बसले तरी मी "आहे" असंच म्हणेन. पण त्यांनी एकदा विचारावं.