दाखवण्यापुरता बंपर

दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी कुंभिवलीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये दादाच्या गाडीचा पुढचा बंपर उतरवला, तेव्हा मागे चासीची दोन्ही टोकं कापून पुन्हा जोडलेली निघाली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गाडी सेकंडहँड, चारही चाकांना इंजिनची ओढ असलेली, कच्च्या डोंगरी वाटेवर चालणारी. चासी म्हणजे बॉडीखालचा लोखंडी सांगाडा. त्याच्या पुढच्या दोन टोकांना बंपर बोल्टने धरलेला असतो. कंपनीचा बंपर प्लॅस्टिकचा आणि हलका, तो कशालाही धरून राहतो. त्या जागी दादाला जाड पत्र्याचा लोखंडी बंपर बसवायचा होता, मधोमध विंच असलेला. विंच हा मोटरवर फिरणारा रहाटच. त्याच्या तारेने चिखलात रुतलेली गाडी ओढून काढता येते.

बंपर हौसेचा नव्हता. कळंबजवळच्या एका रिसॉर्टचे पाहुणे शनिवार-रविवारी मागच्या टेकडीवर गाडीतून फिरायला जातात. आदल्या वर्षी दादाला तिथून अधूनमधून बोलावणं यायचं. या वर्षी मॅनेजरने ठरावीक गाड्या कायमच्या ठेवायचं ठरवलं आणि अट घातली, की प्रत्येक गाडीला लोखंडी बंपर आणि विंच हवी. दसऱ्याला रिसॉर्टवर गाड्यांची पूजा होते आणि हंगाम सुरू होतो. त्या दिवशी जी गाडी रांगेत असेल तीच धरली जाणार होती. असे बंपर रस्त्यावर चालत नाहीत, वाहतूक पोलीस अडवतात, हे दादाने त्याला सांगितलं होतं. गाड्या टेकडीवर फिरणार, हायवेला कशाला जातील, असं मॅनेजरचं उत्तर होतं.

रिसॉर्टचं काम मिळालं नाही तर दादाला पुन्हा गोदामाच्या फाटकावर उभं राहायचं होतं. खालापूरच्या बाजूला तो ज्या कारखान्यात मशीनवर होता, तो कारखाना दुसऱ्या राज्यात गेला. त्यानंतर पाऊण वर्ष त्याने कुंभिवलीच्या एका गोदामावर वॉचमनची नोकरी केली, बहुतेक रात्रपाळीच. दिवसा त्याला झोप लागत नसे. वहिनी सांगते, दुपारी तो भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि डोळे न उघडता पंख्याच्या आवाजावरून वीज कधी गेली, कधी आली ते सांगायचा. एकदा फाटक धरून उभ्याउभ्या त्याचा डोळा लागला आणि आत येणाऱ्या ट्रकच्या आरशाने त्याच्या खांद्याला धक्का दिला. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून तो हात खांद्याच्या वर जात नाही. कारखान्याकडून मिळालेल्या पैशांतून गाडी घेतली, त्याच दिवशी त्याने गोदामाचा गणवेश धुऊन, इस्त्री करून परत केला.

गाडी पनवेलच्या बाजूला जुन्या गाड्यांच्या एका यार्डात घेतली. आम्ही चौघं गेलो होतो. दादाच्या ओळखीच्या मेकॅनिकने इंजिन चालू करून बराच वेळ कान देऊन ऐकलं. मी वर्तमानपत्रात काम करते म्हणून कागद माझ्याकडे आले. ते बरोबर होते. वहिनी मागच्या सीटवर बसली आणि गुडघे पुढे टेकतात का ते पाहिलं. दादाने चारही टायर पाहिले. पुढचा बंपर नवा आणि चकचकीत होता. त्याच्यामागे कोणी पाहिलं नाही.

शेडचा मालक खालापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातला, दादापेक्षा वयाने मोठा, तोंडाने मोकळा. दादा कारखान्यात असताना तिथल्या जाळ्या आणि जिने त्यानेच बनवले होते. बंपर त्याने आधीच तयार ठेवला होता. काळा रंग, कोपरे वर उचललेले, खाली दोन लाल हूक. जुना बंपर उतरल्यावर तो नव्या ब्रॅकेटचं माप घ्यायला खाली वाकला आणि तसाच थांबला. मग हातोडी मागून घेतली. एका टोकावर ठोकलं, दुसऱ्यावर ठोकलं. काळा रंग खरवडला. खाली पुट्टी होती, पुट्टीखाली वेल्डिंगची ओबडधोबड रेघ. रेघेच्या मागे त्याने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबलं. ते आत गेलं.

“ही गाडी समोरनं धडकलेली हाय कुठंतरी,” तो म्हणाला. “आन् नंतर पाण्यातबी उभी होती.”

दादाने विचारलं, वरून लोखंडी पट्टी मारून वेल्डिंग करता येईल का.

“पट्टी कशाला चिकटवू? गंजाला?”

यानंतर बराच वेळ बोलणं चाललं, ते थोडक्यात असं. नीट करायचं तर पूर्ण चासी बदलावी लागेल. त्यासाठी बॉडी उचलावी लागेल, चासीचा नंबर बदलेल, तो सरकारी कागदावर चढवावा लागेल आणि तेवढ्या पैशांत दुसरी गाडी येईल. यार्डवाल्याला दादाने तिथूनच फोन लावला. नंबर बंद होता. नंतर तो जाऊनही आला. यार्डाच्या जागेवर फरशांचं दुकान झालं होतं आणि दुकानदाराला आधीच्या माणसाचं नावही माहीत नव्हतं.

शेडच्या समोर, रस्त्यापलीकडे, त्या गोदामाचं फाटक आहे. शेडवाल्याने बसायला स्टूल दिलं, तेव्हा दादाने ते फिरवून घेतलं आणि फाटकाकडे पाठ करून बसला.

“विंच वापरणार कधी?” दादाने विचारलं. “मागच्या हंगामात एकही गाडी रुतली नव्हती. मॅनेजरला नुसती बघायला पाहिजे.”

शेडवाल्याने हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, “नवरदेवाच्या हातात कट्यार असते का नाय? तशी समज. मिरवायची. कापायला घ्यायची नाय. तारेवर जोर आला न् टोक तुटलं, तर बंपर तारेसकट उडंल, आन् म्होरं जो हुबा आसंल त्याचं काय खरं नाय रं.”

“बसव,” दादा म्हणाला.

“बसवतो. पन माझं नाव कुठं घेऊ नको.”

बसवायला संध्याकाळ झाली. गंज जिथपर्यंत होता ती जागा सोडून मागच्या बऱ्या लोखंडाला दोन लांब ब्रॅकेट धरली. बंपर जॅकवर उचलून बोल्टाच्या भोकांशी आणला. एक भोक जुळेना, ते ग्राइंडरने मोठं केलं. विंचची वायर बॅटरीला जोडूच नये असं शेडवाल्याचं मत होतं. मॅनेजर चालू करून बघणार, म्हणून दादाने जोडायला लावली. जॅक काढला तशी गाडी पुढून चार बोटं खाली बसली. वजन त्या ब्रॅकेटवर राहिलं. हायवे टाळून दादा आणि मी आतल्या रस्त्याने दहिवलीला घरी आलो. प्रत्येक खड्ड्यात दादा ब्रेक दाबत होता आणि कान पुढे करून ऐकत होता.

वहिनीने अंगणातला दिवा लावून बंपर पाहिला. “म्हशीला मुसकं घातल्यासारखं दिसतंय,” ती म्हणाली. मग विचारलं, “ओढंल ना पण?” दादाने ओढेल असं सांगितलं. तो जेवला आणि झोपला. वहिनीला काही सांगू नको असं त्याने मला म्हटलं नव्हतं, तरी मी तिला काही सांगितलं नाही.

दसऱ्याला आमच्या घरची माणसं पांढरे कपडे घालून विहारात जातात. नारळ-लिंबाचा प्रकार आमच्याकडे आजोबांच्या काळात बंद झाला. दादा वंदना संपताच निघाला आणि त्याच कपड्यांत कळंबला पोचला. मीही बरोबर होते. गाड्या रांगेत धुऊन उभ्या होत्या, झेंडूच्या माळा घातलेल्या. भटजी एकेका गाडीपुढे नारळ फोडत येत होते. दादाने त्यांना हात जोडून सांगितलं की आमच्या गाडीला नारळ नको. कळंबचा एक ड्रायव्हर शेजारी उभा होता, शेतकरी घरातला, दादाचा मित्र. तो हसून म्हणाला, “नको कसा? तुझी गाडी बिनदेवाची चालंल काय रं टेकडीवर?” दादा म्हणाला, “डिझेलवर चालते ती.” माळ मात्र मॅनेजरने स्वतः आणून बंपरला अडकवली. मग विंच चालू करायला सांगितलं. तार बाहेर आली, परत आत गेली. मॅनेजरने गाडीपुढे उभं राहून फोटो काढून घेतला आणि दादाच्या पाठीवर थाप मारली. परत येताना दादाने दहिवलीच्या नाक्यावर थांबून जिलेबी घेतली.

पुढच्या रविवारी रिसॉर्टच्या मागच्या ओहोळात एका पाहुण्याची मोठी गाडी रुतली. तो मनानेच आपली गाडी खाली घेऊन गेला होता. आदल्या दोन दिवसांत परतीचा पाऊस झाला होता. मॅनेजरने दादाला बोलावलं.

मी तिथे नव्हते. पुढचं दादाने आणि त्या कळंबच्या ड्रायव्हरने मला वेगवेगळं सांगितलं. दोघांचं सांगणं एका गोष्टीपर्यंत सारखं आहे. दादाने गाडी काठावर समोर आणून उभी केली. तार ओढून नेली, रुतलेल्या गाडीला हूक लावला, काठावर परत आला. पाहुण्यांची पोरं तारेच्या दोन्ही बाजूंना मोबाईल धरून उभी होती. दादाने त्यांना लांब व्हायला सांगितलं. ती थोडी सरकली आणि परत आली. विंचचा रिमोट त्याच्या हातात होता. मॅनेजर म्हणाला, “चला दादा, होऊ द्या.” दादाने रिमोट खिशात घातला, पाण्यात उतरून हूक काढला आणि तार हाताने गोळा करत परत आला.

फरक इथे आहे. ड्रायव्हर म्हणतो, “जमणार नाय,” असं दादा मोठ्याने म्हणाला. दादा म्हणतो, तो काहीच बोलला नाही.

शेवटी गावातून ट्रॅक्टर आणला. ट्रॅक्टरवाल्या म्हाताऱ्याने दोर बांधून गाडी एका हिसक्यात काढली. जाताना दादाच्या गाडीजवळ थांबून बंपर नीट न्याहाळला. म्हणाला, “एवढं मोठं नाक घेऊन आलास, न् शिंकायला घाबरतोस काय रं?” लोक हसले. दादाही हसला, असं ड्रायव्हरने सांगितलं.

मॅनेजरने त्या दिवशी कारण विचारलं नाही, फेऱ्याही दिल्या नाहीत. घरी वहिनीला पहिल्यांदा सगळं कळलं. तिने भांडण केलं नाही. ती म्हणाली, मॅनेजरला खरं सांगून टाका, माणूस वाईट नाही, समजून घेईल. ड्रायव्हरचंही तेच मत पडलं. सोमवारी दादा कळंबला गेला आणि चासीबद्दल सांगितलं. शेडवाल्याचं नाव त्याने घेतलं नाही. मॅनेजरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, “म्हणजे दसऱ्यापासून याच गाडीत माझी माणसं बसत होती?” अशी गाडी पाहुण्यांसाठी वापरता येणार नाही, असं मॅनेजर म्हणाला. त्याने चहा मागवला. दादा चहा घेऊन परत आला.

मग गाडी विकायचं ठरलं. गिऱ्हाईकं आली. बंपर आणि विंच पाहून पुष्कळांचे डोळे चमकले. दादा प्रत्येकाला पुढे नेऊन, खाली वाकायला लावून, वेल्डिंगची रेघ दाखवायचा. एकदा वहिनी मध्ये पडली.

“त्या यार्डवाल्याने दाखवली होती का तुमाला?”

“नव्हती दाखवली.”

“मग?”

“मग काय. ह्याच्या पोटीपाठी पोरं हायत.”

तो माणूस बाइकवर बायको आणि दोन मुलांना घेऊन आला होता. पाणी पिऊन गेला.

बंपर शेडवाल्याने काढून परत घेतला आणि प्लॅस्टिकचा जुना बसवून दिला. त्या कामाचं त्याने काही घेतलं नाही. गाडी दहिवलीला घराशेजारी पत्र्याखाली उभी आहे. वहिनी तिच्या बॉनेटवर धुतलेली मिरची वाळत घालते. दादा सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी इंजिन चालू करायचा. पुढे त्याने बॅटरी काढून ठेवली.

दिवाळीनंतरच्या सोमवारी तो गोदामावर पुन्हा रुजू झाला. गणवेश नवा मिळाला, जुना त्याच्या मापाचा होता तो दुसऱ्याला दिलेला होता. नवा खांद्यात घट्ट आहे. वहिनीने काखेतली शिवण उसवून तिथे कापड जोडलं.

त्याच आठवड्यात शेडवाल्याने तो काळा बंपर खोपोलीच्या एका माणसाच्या गाडीला बसवला. त्या गाडीची चासी चांगली होती. ती गाडी आता कळंबच्या रिसॉर्टवर दादाच्या जागी चालते. बंपर बसवण्याचं काम सकाळी सुरू होऊन दुपारी संपलं. रस्त्यापलीकडे फाटकावर त्या वेळी दादा होता. त्या आठवड्यात त्याला दिवसपाळी होती. पुढच्या सोमवारपासून रात्रपाळी लागली.