तोरब्योर्गच्या खोलीला हात लावला तेव्हा

तोरब्योर्ग वास्दाल चिडली की आधी गप्प होते. त्या दिवशी ती दंतवैद्याकडून परतली, आपल्या खोलीचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच गप्प उभी राहिली. माझी खोली तिच्या समोरची. मी उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.

ती आयुष्यभर फेरीबोटीवर स्वयंपाकीण होती. उत्तर नॉर्वेच्या बेटांमधून ये-जा करणाऱ्या त्या बोटीवर तिची अरुंद केबिन होती. लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला. पण गाढ झोप लागायची ती त्या केबिनमध्येच. या वृद्धनिवासात आल्यावर तिने खोली तशीच लावून घेतली. पलंग खिडकीला चिकटून, पडल्यापडल्या समुद्र दिसेल असा. टेबल हाताशी. भिंतीत एक पितळी आकडा, बोट भंगारात निघाली तेव्हा तिने स्वतः केबिनमधून उचकटून आणलेला. त्याला तिचा लोकरी कोट टांगलेला.

आता पलंग मधोमध होता, दवाखान्यातल्यासारखा. टेबल पार कोपऱ्यात. आकडा गायब, भिंतीतली भोकं लांबी भरून बुजवलेली.

"कोणी केलं हे?"

परिचारिका सिल्ये गोड हसली. "सगळ्या खोल्या आता सारख्या लावायच्या ठरल्यात. पुसायला बरं पडतं. आपण जरा बसूया का, तोरब्योर्ग?"

"आपण? तुझा पलंग कुठे हलवलाय गं?"

"अगं, तुझ्याच सोयीसाठी..."

"माझा आकडा कुठाय?"

"तो जुनाट? टाकून दिला."

अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. 'टाकून दिला' ती अशी म्हणाली, की जणू केळ्याचं सालच!

तोरब्योर्गने मुलीला फोन लावला तर ती म्हणाली, "आई, आकडाच तो. दुसरा आणते ना."

"तूही त्यांच्यातलीच," म्हणून तोरब्योर्गने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापिका हेन्रिएटे खालच्या दिवाणखान्यात पाहुण्यांना घेऊन फिरत होती. तोरब्योर्ग माझ्या दारात आली. "चल. टेबल जड आहे, माझ्या एकटीच्याने हलणार नाही."

आम्ही दोघं हेन्रिएटेच्या ऑफिसात शिरलो. तिचं टेबल ढकलत ढकलत भिंतीकडे तोंड करून लावलं. खुर्ची दारामागे. मुलांचे फोटो ड्रॉवरमध्ये. फुलांची कुंडी बाहेर. मला धाप लागली होती, पण थांबावंसं वाटत नव्हतं. मग तोरब्योर्ग त्या खुर्चीत बसली.

हेन्रिएटे आली आणि किंचाळलीच. "हे काय! माझ्या वस्तूंना हात कोणी लावला? फोटो कुठायत?"

"ड्रॉवरमध्ये. पुसायला बरं पडतं."

"ही माझी खोली आहे!"

"तू इथे दिवसभर बसतेस आणि संध्याकाळी घरी जातेस," तोरब्योर्ग म्हणाली. "मी माझ्या खोलीत मरणार आहे."

हेन्रिएटे लालबुंद झाली. मग आवाज मऊ करून माझ्याकडे वळली, जणू तोरब्योर्ग तिथे नव्हतीच. "वय झालं की माणूस असा गोंधळतो. डॉक्टरांना दाखवायला हवं."

"ती गोंधळलेली नाही!" मी ओरडलो. इतका मोठा आवाज माझ्यात शिल्लक आहे, हे मलाही ठाऊक नव्हतं. "ती चिडलीय! मीही चिडलोय! माझं कपाटही तुम्ही न विचारता रिकामं केलंत!"

आरडाओरडा ऐकून पाहुणे जिन्यात येऊन उभे राहिले होते. बहुधा त्यांच्यामुळेच असेल, दुपारच्या आत तोरब्योर्गचा पलंग खिडकीशी परत गेला. माफी मात्र कोणी मागितली नाही.

आकड्यासाठी ती टॅक्सी करून भंगारवाल्याकडे गेली. कुबडी टेकत ढिगारे उपसले. मिळाला नाही. परत आली तेव्हा तिचे हात काळे झाले होते, आणि जेवायला ती खाली आली नाही.

आता सगळे तिचं दार वाजवतात. काही जण वाजवता वाजवताच आत घुसतात. त्यांच्या दिशेने चप्पल येते. गेल्या आठवड्यात खुद्द हेन्रिएटे केक घेऊन आली. तिने दार वाजवलं आणि थांबली. बराच वेळ थांबली. आतून कॉफीचा कप ठेवल्याचा आवाज आला.

"कोण?"

"हेन्रिएटे. येऊ का आत?"

"नको," तोरब्योर्ग म्हणाली.

आणि हेन्रिएटेला केक घेऊन परत जावं लागलं.