दादाची नदी आणि काकांचे गमबूट

किस्से नदीतल्या गाळासारखे असतात. कोणी आणून टाकत नाही, तरी साठतात. आमच्या शनिवारच्या बैठकीचे तर इतके साठलेत की आता उपसले नाहीत तर पूर यायचा.

बैठक म्हणजे कॅनडात, ग्वेल्फजवळच्या आमच्या छोट्या गावात, देशपांडे काकांच्या बेसमेंटमध्ये जमणारी मराठी डोकी. काका रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर, इथं येऊन चाळीसेक वर्षं झालेली. मालतीकाकू, त्यांची बायको. चहा आणि टोमणे त्यांच्याकडे. निखिल पुण्याचा, वॉटर्लूला सॉफ्टवेअरमध्ये. माझा दादा, पुराच्या पाण्याचा इंजिनियर. आणि दहावीला दोनदा बसलेला मी. डंपर चालवतो.

विषय कायम एकच, नदीचा प्रोजेक्ट. पूर्वी कोणा शहाण्यानं आमच्या नदीला काँक्रीटच्या दोन भिंतींत कोंबलं होतं. आता भिंती फोडायच्या आणि शेजारचं कुरण तिला परत द्यायचं, म्हणजे पूर कुरणात पसरेल, घरात नाही. दादा हे सगळं कागदावर काढायचा, मी फोडलेल्या भिंती डंपरमधून न्यायचो. आई सांगलीहून विचारायची, "दोघं एकाच ऑफिसात का रे?" दादा सांगायचा, "हो, तो ग्राउंड फ्लोअरला!"

*

काकांचा प्रोजेक्टला कडक विरोध. बेसमेंटच्या भिंतीवर त्यांचा व्हाइटबोर्ड. डावीकडे खर्च, उजवीकडे फायदा. हा माणूस टोस्टर घेतानाही बोर्ड भरतो!

एका मार्चमध्ये बर्फ वितळला आणि दरवर्षीसारखं बेसमेंटमध्ये पाणी आलं. पंप घरघरतोय, आम्ही सोफ्यावर पाय वर घेऊन बसलोय आणि काका गमबूट घालून पाण्यात उभे. हातात मार्कर.

"कॉस्ट भरपूर, बेनिफिट शून्य! शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुरासाठी एवढा खर्च?"

दादा म्हणाला, "काका, मग हा कितव्या शंभर वर्षांतला?"

"हा पूर नाही! हे सीपेज आहे, भिंतीतून झिरपतंय!"

तेवढ्यात काकूंची चप्पल काकांच्या दोन बुटांच्या मधून तरंगत पुढं गेली.

*

काकू मात्र प्रोजेक्टच्या बाजूनं. पोछा त्यांनाच मारावा लागतो ना!

टाउन हॉलमध्ये लोकांची मतं घ्यायला भलामोठा नकाशा लावला होता. बाजूनं असाल तर आपल्या घरावर हिरवा ठिपका चिकटवा, विरोधात असाल तर लाल. काकूंनी हिरवा चिकटवला. हॉलमध्ये हीटर जोरात, कपाळाला खाज सुटली, म्हणून टिकली काढली. घरी वॉशरूमच्या आरशावर लावतात, तशी सवयीनं नकाशावर लावून टाकली. आपल्याच घरावर. लालभडक!

ठिपके मोजणारी बाई गोंधळली. "मॅम, हा लाल ठिपका कशासाठी?"

काकू लाजून म्हणाल्या, "दॅट इज फॉर माय हजबंड."

दादा मागून म्हणाला, "मग बरोबर आहे. विरोधातच मोजा!"

*

जूनमध्ये एक कासवीण आमच्या मातीच्या ढिगात अंडी घालायला आली. काम बंद! जाळी लागली, बोर्ड लागला, आम्ही डंपरवाले उन्हात बसून. आमच्याकडे मंत्री आला की रस्ता बंद होतो, इथं कासवासाठी. मी चिडून दादाला फोन केला, "हिचा फायदा कुठल्या रकान्यात लिहिलायस रे?"

"फायदा जाऊ दे," तो म्हणाला. "मंत्र्यापेक्षा बरी. स्वतःच्या पायांनी आली आणि काम झालं की निघून जाईल."

*

जानेवारीत दादा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करता करता खाली बसला. उठला नाही.

यात हसण्यासारखं काही नाही. मी शोधलं.

*

अस्थींचा डबा माझ्या खोलीत होता तोवर मला झोप येईना. काकूंनी तो बेसमेंटमध्ये नेऊन सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. आई म्हणायची, कृष्णेतच सोड. मी म्हणायचो, दादाला इथं त्याच्या नदीत सोडू.

शनिवारी गेलो तर बोर्ड भरलेला! डावीकडे इंडिया, उजवीकडे इथं. खाली तिकीट, सुट्टी, पुण्य, आईचं समाधान. निखिल मदतीला, "डबा कॅरी-ऑनमध्ये अलाउड आहे, मी चेक केलंय."

मी बाहीनं बोर्ड पुसला. मार्कर फेकला, तो निखिलच्या चहात पडला. "माझा दादा टोस्टर आहे का?" असं ओरडलो आणि सरळ बाहेर पडलो. जॅकेट न घालता! उणे अठरा! कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. दारात काका माझं जॅकेट धरून उभे होते. काका गप्प, हाच खरं तर किस्सा.

*

आईशी तर रोज भांडण.

"जी नदी दोनदा आपल्या देव्हाऱ्यापर्यंत चढली, तिच्यात दादाला सोडू?"

"चढते तशी उतरतेही. आपली आहे ती. तुझी ती कॅनडातली नदी ओळखते का आपल्याला?"

यावर मी फोन ठेवायचो. दादाला उत्तर सुचलं असतं.

*

एप्रिलमध्ये बर्फ एकदम वितळला. त्यावर दोन दिवस पाऊस. सकाळी काकांचा फोन, "ताबडतोब ये!"

मी पळालो. डोक्यात फक्त डबा.

बेसमेंटमध्ये काका गमबूट घालून उभे. खाली कार्पेट कोरडं ठाक. पंप गप्प. काका खाली वाकून कोपरे चाचपत होते, जणू पाणीच हरवलंय! मग त्यांनी स्टुलावर चढून डबा काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चल."

भिंती फोडून झाल्यानंतरच्या या पहिल्याच पुरात नदी कुरणभर पसरली होती. तपकिरी, संथ, घरांच्या अलीकडे थांबलेली. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ, तिच्यामागे दिवा लागलेला. मी फोन पाण्याकडे वळवला.

काकांनी काठावर गमबूट काढले, मोजेही काढले आणि त्या बर्फाच्या पाण्यात अनवाणी उभे राहिले.

"अहो, न्यूमोनिया होईल!" मागून आलेल्या काकू ओरडल्या.

"असू दे गं," काका म्हणाले.

आईनं चष्मा लावून पाणी बघितलं. मग तिनं विचारलं, "कोणाच्या घरात शिरलं का रे?"

"नाही आई."

"कोणाच्याच?"

"कोणाच्याच नाही."

"मग सोड," आई म्हणाली.